सफायर अँड स्टील, प्रिझनर वगैरे जुन्या ब्रिटिश मालिकांवरची नवी पुस्तकं : वाचावीत की नको?

सांजवात

बरेच दिवस हा धागा काढायचा होता, आज घरात कोणी नाही, कुकरही लावायचा नाहीये, म्हणून बसले लिहायला. लांबलंय, आधीच सांगते.

तर २००७ मध्ये आम्ही बर्मिंगहॅमला होतो, नवऱ्याचं ऑनसाइट, मला काम नाही, बाहेर सतत ती रिपरिप, मग मी लायब्ररीतून डीव्हीडी आणायचे, जे हाताला लागेल ते. एकदा एक खोका मिळाला, कव्हरवर निळ्या ड्रेसमधली देखणी बाई आणि करड्या सुटातला वैतागलेला माणूस. सफायर अँड स्टील. मला वाटलं डिटेक्टिव्ह असेल. दुपारी चारलाच अंधारून आलेलं, घरात एकटी, आणि मी पहिला भाग लावला.

सुरुवात अशी आहे. एक जुनं, गावाबाहेरचं घर, घरभर घड्याळं. मुलगा स्वयंपाकघरात टेबलावर होमवर्क करतोय, वरच्या खोलीत आईबाबा धाकटीला झोपवतायत, बडबडगीत म्हणतायत. आणि घड्याळं थांबतात. सगळी. मुलगा वर जातो तर आईबाबा नाहीत, नुसती ती छोटी. भूत नाही, रक्त नाही, किंचाळणं नाही, टिकटिक थांबली एवढंच. मी उठून आमच्या भिंतीवरचं घड्याळ चालू आहे ना बघून आले, खोटं कशाला सांगू.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : १९७९ ते १९८२, एटीव्ही कंपनीची मालिका, सहा कथा, ३४ भाग. कथांना नावंच नाहीत, नुसतं असाइनमेंट एक, दोन, तीन. पाचवी सोडून सगळ्या पी. जे. हॅमंड या एकाच माणसाने लिहिलेल्या. यात व्हिलन म्हणजे काळ. तो जुन्या वस्तूंतून, जुन्या गाण्यांतून, जुन्या फोटोंतून आत शिरायला बघतो आणि सफायर आणि स्टील हे दोघं त्याला अडवायला येतात. कुठून येतात, कोण पाठवतं, माणसं आहेत का, काही म्हणजे काही सांगत नाहीत.

आता अशा मालिकांवर पुस्तकांचं पेवच फुटलंय. ऑब्व्हर्स बुक्स नावाचा तिकडचा छोटा प्रकाशक आहे, तो २०१६ पासून ब्लॅक आर्काइव्ह काढतोय, डॉक्टर हू (काळातून फिरणाऱ्या डॉक्टरची बीबीसीची मालिका) हिच्या एकेका कथेवर एकेक छोटं पुस्तक, आणि त्याचीच धाकटी बहीण सिल्व्हर आर्काइव्ह, त्यात बाकीच्या मालिका, सफायर अँड स्टीलसुद्धा. शिवाय स्कार्ड फॉर लाइफ म्हणून जाडजूड ठोकळे आहेत, सत्तर-ऐंशीच्या दशकात ब्रिटिश पोरांना टीव्हीने कसं कसं घाबरवलं त्याचा सगळा पंचनामा. दीर येताना मी यातली दोनचार मागवली आणि महिनाभर तेच वाचतेय.

आणि माझं मत दुभंगलंय. पुस्तक जिथे "हे असं का केलं" सांगतं तिथे मी भात करपेपर्यंत खिळून. जिथे "याचा अर्थ काय" सांगायला लागतं तिथे जांभई.

उदाहरण. पहिल्या असाइनमेंटमधला शत्रू दिसायला काय, तर जमिनीवर सरकणारा उजेडाचा ठिपका. बस्स. तेव्हा वाटलं होतं काय भन्नाट डोकं आहे, आणि आहेच, पण त्यामागे खिसा फाटका असणं पण आहे. सगळं एल्स्ट्रीच्या स्टुडिओत, व्हिडिओटेपवर, दोनचार नट आणि एक जिना. राक्षस परवडत नाही तर टॉर्च मारा भिंतीवर. आणि त्या टॉर्चने मी घाबरले! हे कळल्यावर मला ती मालिका दुप्पट आवडली. पण तोच ठिपका म्हणजे अमक्याचं प्रतीक आणि ते घर म्हणजे तमक्याचं रूपक असं चालू झालं की मला थेट शाळेतलं "कवीला काय म्हणायचे आहे" आठवतं.

तुम्ही वाचता का असलं काही? की मालिका बघून झाली की गप्प बसावं?

चहाबिस्कीट

पहिला प्रतिसाद माझा! मस्त लिहिलंयस गं. मी लगेच जाऊन टायटल बघून आले आणि आता मला झोप नाही, कारण मी केमिस्ट्री शिकवते. तो भारदस्त आवाजातला बुवा मूलद्रव्यं म्हणून यादी वाचतो ना, सोनं, शिसं, तांबं, जेट, हिरा, रेडियम, नीलम, चांदी, पोलाद. नऊतली मूलद्रव्यं फक्त पाच! हिरा म्हणजे कार्बन म्हणून त्याला ग्रेस मार्क देऊन पास करू, पण नीलम म्हणजे ॲल्युमिनियमचं ऑक्साइड, पोलाद मिश्रधातू, आणि जेट तर कोळशाचा चुलतभाऊ. अकरावीतल्या पोराने असं लिहिलं असतं तर वही फेकली असती मी.

सांजवात

हाहाहा. अगं पण ऐक, पहिल्या कथेत लेड म्हणजे शिसं पण येतो, धिप्पाड, हसतमुख, गडगडाटी हसणारा. स्टील शत्रूला गोठवण्यासाठी स्वतःचं तापमान पार शून्याच्या खाली नेतो तेव्हा त्याला जपायला इन्सुलेशन म्हणून. हे तरी बरोबर आहे का?

चहाबिस्कीट

शिसं रेडिएशन अडवतं बाई, थंडी नाही. नापास.

रिकामटेकडा_१

माझं मत विरुद्ध आहे, राग नसावा. मालिका ही बघायची गोष्ट आहे. तिच्यावर पुस्तक, मग त्या पुस्तकावर पॉडकास्ट, मग पॉडकास्टवर धागा. आमच्या लहानपणी बाबांची धारपांची पुस्तकं चोरून वाचायचो, कोणी समजावून सांगितलं नाही की यातला तो काळा आकार म्हणजे काय, आणि म्हणूनच अजून रात्री माडीवर जाताना मान मागे वळते. भीतीची चिरफाड केली की हातात फक्त चिरफाड उरते.

उंटावरून

रिकामटेकडा दादा, तुमचं म्हणणं सफायर स्टीलपुरतं मान्य करू एकवेळ, पण पुस्तकं कशाला म्हणणाऱ्याने डॉक्टर हूची कथा ऐकावीच. हे जरा सविस्तर लिहितो कारण हा माझा वीक पॉइंट आहे.

साठ-सत्तरच्या दशकात बीबीसीने स्वतःच्याच मालिका पुसल्या. म्हणजे खरंच पुसल्या, व्हिडिओटेप महाग असायची, तीच टेप धुऊन परत वापरायची, पुढे कोणी हे विकत घेऊन घरी बघेल असं कुणाच्या स्वप्नात नाही. त्यामुळे साठच्या दशकातल्या डॉक्टर हूचे नव्वदहून जास्त भाग बीबीसीच्या कपाटात नाहीत. आणि गंमत बघा, चित्र गेलं पण आवाज सगळ्या भागांचा आहे! कारण घराघरातले येडे प्रेक्षक टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून रेकॉर्ड करत बसायचे, मधेच आईने जेवायला बोलावलं तरी हलायचं नाही.

मग १९७३ पासून टार्गेट या प्रकाशनाची पेपरबॅक आली, एकेका कथेची कादंबरी. टेरन्स डिक्स या एका माणसाने साठाच्या वर लिहिली. घरी व्हीसीआर नाही, रिपीट टेलिकास्ट जवळजवळ नाही, म्हणजे १९६६ ची गोष्ट १९७६ च्या पोराला कळणार कशी, तर पुस्तकातून. तिथल्या एका अख्ख्या पिढीला वाचायची गोडी या पुस्तकांनी लावली असं आजही लोक सांगतात. तेव्हा मालिकेनंतर पुस्तक हा चोचला नव्हता हो, पुस्तक हीच मालिका होती.

आणि दुसरं, जे मला अशाच एका पुस्तकातून कळलं आणि मी अक्षरशः उठून बायकोला सांगायला गेलो (तिला शष्प फरक पडला नाही) : डॉक्टर हूची अगदी पहिली कथा, २३ नोव्हेंबर १९६३, तिचा दिग्दर्शक वारिस हुसेन, जन्म लखनौचा. वय २४! आई अतिया हुसेन, इंग्रजीत लिहिणाऱ्या मोठ्या लेखिका. निर्माती व्हेरिटी लँबर्ट, वय २७. म्हणजे १९६३ च्या बीबीसीत, जिथे सगळे टाय लावलेले काका, तिथे एक तरुण बाई आणि एक लखनवी पोरगा, आणि त्यांच्या हातात कुणाला फारशी नको असलेली मुलांची मालिका. पहिला प्रयत्न वरिष्ठांना आवडला नाही म्हणून अख्खा भाग परत शूट करायला लावला. मग लागला तो केनेडींचा खून झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी, त्यामुळे पुढच्या शनिवारी तो पुन्हा दाखवून मग दुसरा भाग. हे सगळं माहीत झाल्यावर तो पहिला भाग परत बघा, ती भंगारच्या वखारीतली निळी पोलीस पेटी (डॉक्टरचं कालयान) वेगळी दिसते.

अर्धवट

उंटावरून काका दंडवत घ्या.

पुणेरी_मिसळ_बंद

अवांतर : सफायर म्हणजे जोआना लमली ना? ती जन्माने आपल्या श्रीनगरची, १९४६. वडील गुरखा रायफल्समध्ये मेजर. २००९ मध्ये निवृत्त गुरख्यांना ब्रिटनमध्ये राहायचा हक्क मिळावा म्हणून तिने सरकारला पार जेरीस आणलं होतं आणि मिळवून दिला. आणि स्टील म्हणजे डेव्हिड मॅकॅलम, एनसीआयएस या अमेरिकन मालिकेतला डकी! मी कित्येक वर्षं तो म्हातारा बघत होते आणि मला पत्ताच नाही की तरुणपणी तो असा खडूस देखणा होता. २०२३ मध्ये गेला बिचारा.

मँचेस्टरकर_मामा

धाग्याच्या नावात प्रिझनर आहे आणि अजून कोणी बोललं नाही म्हणून आलो. आम्ही गेल्या उन्हाळ्यात पोर्टमेरियनला जाऊन आलो, नॉर्थ वेल्समध्ये, इथून गाडीने अडीचतीन तास. ज्यांनी प्रिझनर बघितली नाही त्यांना एका ओळीत : एक गुप्तहेर राजीनामा देतो, बेशुद्ध करून त्याला उचलतात, जाग येते तर एका सुंदर गावात, जिथे नावं नाहीत, नुसते नंबर, तो नंबर सिक्स, आणि पळून जाता येत नाही. १७ भाग, १९६७-६८. पॅट्रिक मॅगूहन हिरो, आणि पडद्यामागेही बरंचसं तोच.

ते गाव म्हणजेच पोर्टमेरियन. क्लॉ विल्यम्स-एलिस नावाच्या आर्किटेक्टने १९२५ पासून पन्नास वर्षं आपल्या मर्जीने बांधलेलं, इटलीतलं एखादं गाव उचलून वेल्सच्या पावसात ठेवल्यासारखं. गुलाबी, पिवळ्या, मोरपंखी भिंती. घुमट. एक दगडी जहाज तर किनाऱ्यालाच बांधून टाकलंय, ते कधी निघणार नाही. मी चौकात उभा आणि आमची ही कपबशांच्या दुकानात (त्यांच्याच मुलीने काढलेली पॉटरी, इकडे प्रत्येक देशी घरात एक तरी बशी सापडेल). आणि मधेच ढग आले, माणसं एकदम पांगली, चौक रिकामा, आणि मला जे काय झालं ते सांगता येत नाही. समोरच्या वाळूवर तो पांढरा फुगा उड्या मारत येईल असं वाटलं. माहितीसाठी, तो राखणदार फुगा आधी यंत्र असणार होता, गाडीवर बसवलेला घुमट वगैरे, ते काही धड चालेना, मग हवामान खात्याचा असतो तसला फुगा आणला. सांजवातताईंचा टॉर्च तसा हा फुगा.

पुस्तकांबद्दल. प्रिझनरवर इतकी पुस्तकं आहेत की त्यांचंच एक गाव वसेल. आणि सगळ्यात मोठं भांडण कशावरून, तर भाग कुठल्या क्रमाने बघायचे! दाखवले तो क्रम वेगळा, शूट केले तो वेगळा, आणि प्रत्येक पंडिताचा स्वतःचा वेगळा. कारण एका भागात तो गावात नवखा असल्यासारखा बोलतो आणि तो भाग मधेच कुठेतरी येतो. दुसरं भांडण, मालिका नक्की कुणाच्या डोक्यातली, मॅगूहनच्या की पटकथा संपादक जॉर्ज मार्कस्टाइनच्या. हा मार्कस्टाइन टायटलमध्ये दिसतो, टेबलामागे बसलेला टकला, ज्याच्यासमोर हिरो राजीनामा आपटतो. भांडणातल्या दोन्ही पार्ट्या दर आठवड्याला टायटलमध्ये समोरासमोर, आणि बघणाऱ्याला पत्ता नाही! हे मला पुस्तकाशिवाय कुठून कळणार होतं?

रिकामटेकडा_१

मामा, हे भारी आहे. पण हे गॉसिप झालं.

मँचेस्टरकर_मामा

चांगलं गॉसिप चांगल्या समीक्षेपेक्षा बरं, असं आमचं वय म्हणतं.

दगडधोंडे

चिल्ड्रन ऑफ द स्टोन्स राहिली. १९७७, सातच भाग, एचटीव्ही. गावाभोवती उभ्या दगडांचं वर्तुळ आणि गावातले सगळे लोक अति आनंदी, एकमेकांना भेटले की हॅपी डे म्हणतात. शूटिंग एव्हबरीत, तिथे खरंच दगडांच्या वर्तुळात गाव आहे, आत पबसुद्धा. त्या टायटलमधलं ते कुजबुजल्यासारखं, विव्हळल्यासारखं कोरस गाणं हेडफोन लावून ऐकू नका रात्री. मुलांची मालिका म्हणे! शाळेतून आलेल्या पोरांना दूधबिस्किटाबरोबर हे दाखवत होते. मी मूळ पुरातत्त्ववाला असल्यामुळे मला त्या दगडांच्या माहितीत जास्त रस, तिथले बरेच दगड पडले-पुरले होते आणि १९३० च्या दशकात अलेक्झांडर कीलर या मुरंब्याच्या कारखानदाराच्या वारसाने ते परत उभे केले. मुरंब्याच्या पैशावर उभं राहिलेलं गूढ, बघा.

चहाबिस्कीट

मार्मलेड म्हणायचंय का? मुरंबा आंब्याचा.

दगडधोंडे

मार्मलेडच. संत्र्याचा मुरंबा म्हणा, नागपूरकर खूश होतील.

अर्धवट

मी काल रात्री बसून सफायर अँड स्टीलची शेवटची असाइनमेंट बघितली. डायरेक्ट शेवटची, हो, मला असंच बघायला आवडतं. ते पेट्रोल पंपाजवळचं कॅफे, १९४८ मधलं जोडपं, आणि शेवटी खिडकीचा पडदा सरकवतात तर बाहेर नुसते तारे, आणि दोघं कायमचे आत. आणि संपलं?? मला पुढचा भाग कुठे मिळेल?

पुणेरी_मिसळ_बंद

अरे स्पॉयलर लिही की वर! माझ्या अजून दोन असाइनमेंट बाकी होत्या.

अर्धवट

चाळीस वर्षांनी कसला स्पॉयलर ताई.

सांजवात

पुणेरी, सॉरी गं, धागा माझा म्हणून मीच माफी मागते. तुला फोटोवाली कथा, म्हणजे चौथी, अजून बघायची आहे का? ती मात्र दिवसा बघ. त्यातला चेहरा नसलेला माणूस फोटो पेटवतो तो सीन मी एकदाच बघितलाय, परत नाही.

अर्धवट, पुढचा भाग नाहीये. कधीच नव्हता. आणि इथेच मला रिकामटेकड्यांना उत्तर द्यायचंय. मी पण तो शेवट बघून चिडले होते, लायब्ररीत जाऊन विचारलं होतं की डिस्क कमी आहे का. नंतर वाचून कळलं ते असं. मुळात या मालिकेची सुरुवातच अपशकुनी, १९७९ च्या उन्हाळ्यात दुसरी असाइनमेंट, ती रेल्वे स्टेशनवाली, चालू असताना अख्ख्या आयटीव्हीचा (बीबीसी सोडून तिकडचं खाजगी चॅनल, एटीव्ही त्यातलीच एक कंपनी) संप झाला, अडीच महिने पडदा बंद, मग संप मिटल्यावर ती कथा पहिल्यापासून परत दाखवली. पुढे ही शेवटची कथा १९८० मध्ये शूट करून ठेवली. मग एटीव्हीची फ्रँचायझी, म्हणजे आपल्या भागात आयटीव्ही चालवायचा परवाना, गेली, १ जानेवारी १९८२ पासून तिच्या जागी सेंट्रल आली, आणि ही कथा डब्यात पडून राहिली, ती ऑगस्टच्या अखेरीस कधीतरी दाखवून टाकली. पुढचं करायला जुनी कंपनीच राहिली नाही.

अर्धवट

म्हणजे ते दोघं काळात नाही अडकले, फ्रँचायझीत अडकले.

उंटावरून

हे वाक्य मी चोरणार आहे.

रिकामटेकडा_१

बरं, अर्धी हार मान्य. टॉर्च, फुगा, संप, फ्रँचायझी हे वाचायला मला आवडलं, पुस्तकातही आवडेल. पण कोणी मला सांगायला आलं की त्या खिडकीबाहेरचे तारे म्हणजे थॅचरबाईंच्या काळातली बेकारी, तर मी पुस्तक खिडकीबाहेर.

दगडधोंडे

थोडंसं असेलही हो तसं. १९८० ची इंग्लंडमधली माणसं आहेत ती, पेपर वाचत असतीलच.

रिकामटेकडा_१

असेल. मला सांगू नका.

पुणेरी_मिसळ_बंद

प्रॅक्टिकल प्रश्न. ही पुस्तकं आणि डीव्हीडी इथे मिळतात का? मी एकदा तिकडून एक पुस्तक मागवलं होतं, पोस्टेज पुस्तकाएवढं, आणि पार्सलवाल्याने ते भर जुलैत गेटवरून आत टाकलं. उघडलं तर पापड. अजून गॅलरीत वाळवलेलं तसंच आहे, वरची चाळीस पानं चिकटलेली, त्यामुळे माझ्यासाठी ती मालिका मधूनच सुरू होते.

उंटावरून

डीव्हीडीचं अवघड झालंय ताई. यातल्या बऱ्याच मालिका नेटवर्क नावाची कंपनी काढायची, ती २०२३ मध्ये बंद पडली, आता जुन्या खोक्यांचे भाव चढलेत. बघा, फिरून तेच आलं, चित्र जातं आणि पुस्तक राहतं. ईबुक मिळत असेल तर ते घ्या, भिजत नाही.

सांजवात

पुणेरी, मी ठाण्यात आहे, पुढच्या शनिवारी कोथरूडला येणार आहे मावशीकडे. माझी दोन पुस्तकं घेऊन येते, वाचून दे. समासात मी पेन्सिलीने भांडलेय, तिकडे दुर्लक्ष कर. आणि फोटोवाल्या कथेचं प्रकरण आधी वाचू नको, बघून मग वाच.

पुणेरी_मिसळ_बंद

नक्की ये, मिसळ बंद असली तरी पोहे चालू आहेत.

अर्धवट

आता पहिली असाइनमेंट लावली. हॉलमधलं घड्याळ परवापासून बंद आहे, सेल संपलाय, सेल ड्रॉवरमध्ये आहे, ड्रॉवर घड्याळाच्या खालीच आहे. तरी उठत नाहीये मी.

चहाबिस्कीट

आईला उठव.

अर्धवट

आई वर आहे. भाचीला झोपवतेय. गाणं म्हणतेय.